एकतीस नंबरचा दोरा

फेटा डोक्यावर घट्ट बसला होता. आज घट्ट बसलेली तेवढी एकच वस्तू आहे, हे कारभारींना अजून कळायचं होतं.

नाशिक ते पेठ सायकल शर्यत सहाला सुटणार होती. पंचवटीत सत्तावीस वर्षं सायकली दुरुस्त करणारे कारभारी आज मंचावर होते, कारण मागच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सायकलिंगचे अनसंग हीरो : श्री. कारभारी (मेकॅनिक)’. आडनाव विचारायचं राहून गेलं, असं क्लबच्या सेक्रेटरी शुभांगीताई म्हणाल्या. ते खरंच होतं. सत्तावीस वर्षं राहून गेलं होतं.

कारभारींची एक पद्धत होती. बोल्ट सैल केला की हँडलला लाल दोरा बांधायचा, आवळला की सोडायचा. दोरा आहे तोवर त्या सायकलवर बसायचं नाही, हे त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आज पहाटे त्यांनी जुन्या गिऱ्हाईक तेजस्विनीच्या, म्हणजे एकतीस नंबरच्या सायकलचं हँडल सरळ करायला दोन बोल्ट सैल केले, दोरा बांधला, आणि तेवढ्यात फेटेवाला आला म्हणून चौघांनी त्यांना उचलूनच नेलं.

झेंडा पडला. सायकली मंचासमोरून सुटल्या. कारभारींनी दोरा शोधला. दिसला. मग दुसरा दिसला. तिसरा. साठच्या साठ हँडलांना लाल दोरे.

“ताई, हे काय?”

“तुमचीच आयडिया, काका!” शुभांगीताई खुशीत कुजबुजल्या. “तेजस्विनीच्या सायकलला बघितला, म्हटलं एकटीलाच शुभशकुन का? पूजेच्या सामानातली अख्खी लडी संपवली.”

तेजस्विनीच्या सायकलचे दोन्ही बोल्ट अजून सैलच होते. सपाट रस्त्यावर ते हँडल तग धरेल. चढावरही धरेल. घाटाच्या उतारावर, पन्नासच्या वेगात, पोरीनं ब्रेक दाबून वळण घेतलं, की चाक सरळ राहील आणि हँडल एकटंच वळेल. पुढे काय, ते त्यांना दिसत होतं. ते दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले.

“भावुक झालेत!” निवेदक माइकवर म्हणाला.

“तिला थांबवा. फोन करा.”

“मोबाइल जमा केलेत, काका. पायलट गाडी पार पुढे, तिकडे रेंज नाही. बसा ना, पाहुणे बोलतायत.”

पाहुणे बोलत होते. त्यांनी शेवटची सायकल शाळेत चालवली होती आणि आज ते शाळेपासून सुरुवात करत होते. शाल आली, नारळ आला. कारभारी दोनदा उठले, दोनदा त्यांना प्रेमानं खाली बसवण्यात आलं. मोठ्या घड्याळात पस्तीस मिनिटं गेली. शेवटी माइक तोंडासमोर आला.

“दोन शब्द, काका.”

“एकतीस नंबर,” कारभारी म्हणाले. “एकतीस नंबर थांबवा.”

“बघा! नंबरसुद्धा पाठ!” निवेदक गहिवरला. टाळ्या कडाडल्या.

कारभारींनी नारळ पाहुण्यांच्या मांडीवर ठेवला आणि मंचावरून उडी मारली. फोटोग्राफर सुनील बुलेटवर बसून पुडी फोडत होता.

“घाटाकडे घे.”

“काका, ग्रुप फोटो राहिलाय.”

“सुनील, पोरगी मरंल रे!”

सुनीलनं पुडी फेकली.

पेठ रस्त्यावर मागं पडलेले स्वार दिसू लागले. बावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. प्रत्येक वळणाआधी कारभारी श्वास धरत, वळणानंतर सोडत. एका ठिकाणी लोक जमले होते. कारभारींचे हात सुनीलच्या खांद्यात रुतले. टेम्पो पंक्चर होता. टेम्पो पंक्चर झाल्याचा एवढा आनंद त्या रस्त्यावर कुणाला झाला नसेल.

चढ संपला. जिथून उतार लागतो, तिथल्या दगडावर तेजस्विनी बसली होती. सायकल कठड्याला टेकवलेली.

“उशीर केलात, काका.”

कारभारी बुलेटवरून उतरून थेट सायकलकडे गेले.

“चढावर खाली बघितलं,” ती म्हणाली. “बाकीच्यांचे दोरे कोरे, फुलगाठीचे. माझा ऑइलचा काळा, आणि गाठ तुमची. उतरून चाक गुडघ्यांत धरलं, हँडल हलवलं, तर एकटंच फिरलं. तिसरी होते मी.”

कारभारींनी खिशातून ॲलन-की काढली. तेजस्विनीनं ती घेतली, दोन्ही बोल्ट आवळले. त्यांनी तीनदा ओढून पाहिलं, मग मान हलवली, तेव्हा तिनं दोरा सोडला. कारभारींच्या डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल तशीच. शेजारून अठ्ठावन्न नंबर हात हलवत उतारावर गेला.

“शर्यतीच्या निकालात काय लिहितील?” सुनीलनं विचारलं.

“अपूर्ण,” ती म्हणाली. “सत्कार कसा झाला, काका? माइकवर काय बोललात?”

“तुझा नंबर.”

“मग?”

कारभारी दगडावर बसले.

“टाळ्या पडल्या.”