करकपातीचा तोटा

कंपन्यांवरचा कर कमी झाल्याची बातमी दुपारी आली आणि बँकेच्या मुख्य कचेरीत नुसता जल्लोष झाला. कर्जखात्यातल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवलं. दशांशबाई तेवढ्या गप्प बसून होत्या. बँकेचा ताळेबंद त्या तयार करत आणि त्यात दशांशाचाही फरक खपवून घेत नसत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

"मॅडम, आज तरी हसा की!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. हसतात कसल्या!

गोम अशी होती. बँक बरीच वर्षं तोट्यात चालली होती. आजचा तोटा उद्याच्या नफ्यातून वजा करायचा आणि तेवढ्यावर कर भरायचा नाही, अशी कायद्यात सोय असते. हा पुढे कधीतरी वाचणारा कर बँकेने आजच आपली मालमत्ता म्हणून ताळेबंदात मांडून ठेवला होता. नियमात ते बसत होतं. पण म्हणजे काय, तर दुकानाचं सवलतीचं कुपन तिजोरीत ठेवायचं आणि पैसेवाले म्हणून मिरवायचं. आता कराचा दरच उतरला, तर वाचणारा करही कमीच. कुपनाची किंमत एका दुपारीत घसरली होती, आणि बँकेच्या भांडवलातला मोठा वाटा म्हणजे हे कुपनच होतं. आइस्क्रीम चाटणाऱ्यांच्या हे गावीही नव्हतं.

बाईंनी हिशेब केला, पुन्हा केला. भांडवल किमान मर्यादेच्या खाली जात होतं. हे जाहीर झालं की वरून निर्बंध येणार आणि खातेदारांना आपलेच पैसे काढता येणार नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आणि त्या खातेदारांत त्यांचा थोरला भाऊ होता. दादाने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान विकून सगळी रक्कम इथेच ठेवली होती. घरमालकाने जागा सोडायला सांगितली होती, नवं घर ठरलं होतं, पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे होते.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "अगं, बातमी ऐकली. तुमच्या बँकेची चंगळ झाली म्हणायची! राहू देत ना पैसे महिनाभर?"

'उद्याच काढ' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण जाहीर न झालेला ताळेबंद भावाला सांगायचा, मग ज्यांची बहीण बँकेत नाही त्यांनी काय करायचं?

"दादा, बँकेचं मी काही बोलू शकत नाही. तुला माहितीये."

"बरं बाई, तुझी गुपितं तुझ्यापाशी," तो हसला. "तू आहेस तिथे, मला कसली काळजी!" त्याने फोन ठेवला, आणि बाईंना त्याचा रागच आला. इतका विश्वास टाकायला सांगितलं कुणी होतं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं.

"जुन्या दरानेच मोजा, मॅडम. नवा दर पुढच्या वर्षापासून आहे."

"वाचणारा करही पुढच्याच वर्षांतला आहे, साहेब. आणि कायदा वर्ष संपायच्या आत मंजूर झालाय. नवाच दर लावावा लागेल."

"खातेदारांचा तरी विचार करा. तुमचे बंधू आहेत ना त्यांत?"

साहेबांनी माहिती काढूनच ठेवली होती. जुना दर लावला तर दादाचे पैसे सुखरूप सुटणार होते. पण खाली काउंटरवर अजून नव्या ठेवी येत होत्या, हसतमुखाने घेतल्या जात होत्या.

"जुन्या दरावर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या सहीशिवाय ताळेबंद निघणार नव्हता. तो नव्या दराने जाहीर झाला आणि थोड्याच दिवसांत पैसे काढण्यावर बंदी आली. घरमालकाने मुदत वाढवली नाही. ठरलेलं घर दुसऱ्या कुणी घेतलं.

दादा बाईंच्या घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

तो आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगितलं असतंस तर माझे सुटले असते," तो म्हणाला.

"सुटले असते. बाकीच्यांचे अडकलेच असते, दादा."

तो उठून चपला घालू लागला.

"तू केलंस ते बरोबरच केलंस," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "पण तुझ्या वहिनीला मी सांगितलंय, की तुलाही काही ठाऊक नव्हतं. नाहीतर ती या घराची पायरी चढायची नाही. एवढं एक खोटं सांभाळशील ना?"

दशांशबाईंनी मान हलवली. "सांभाळीन," त्या म्हणाल्या.