फुलदाणीच्या जागी कोण होतं

मी भरतकामाचा एक तुकडा बोलतोय. बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोब्बर वर टांगलेला. जाळीचं कापड आणि लोकर, एवढाच माझा जीव. तरी या घरात माझ्याइतका मान पोटच्या पोरीलाही मिळाला नाही. ही फुशारकी नाही, तक्रार आहे.

मी जन्मलो एका जलरंगातल्या चित्रावरून. चित्र या घरातल्या मुलीचं. तिनं कॉलेज मधेच सोडलं, तेव्हापासून तिचं नाव 'अर्धवट' पडलं. उशीला खोळ घातली तर अर्धवट, केर काढला तर अर्धवट. उत्तर मात्र पूर्ण दिलं की उद्धट.

चित्रात एक खिडकी होती, तिच्यापाशी वेताची खुर्ची आणि खुर्चीत न रंगवता सोडलेली कोरी जागा. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, तेवढा कागद सोडून देतात. तोच उजेड. हे मुलीला ठाऊक होतं, आत्याला नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दर बुधवारी ती बायकांना भरतकाम शिकवते. चित्रावर चौकटी आखायच्या, एक चौकट म्हणजे एक टाका, आणि जाळीचं एकही भोक मोकळं सोडायचं नाही, हा तिच्या वर्गाचा पहिला नियम. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि तिला नमुना हवा होता. मुलगी काही महिन्यांसाठी बाहेरगावी गेलेली बघून तिनं टेबलावरचं चित्र उचललं. विचारलं नाही. मोठ्यांनी लहानांना विचारायचं असतं होय?

चौकटी आखत ती कोऱ्या जागेपाशी आली.

"बघ रे," ती बाबांना म्हणाली, "हेही अर्धवटच टाकलंय कार्टीनं."

"मग तू कर पुरं," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. मानही वर केली नाही.

आत्यानं पुरं केलं. कोऱ्या जागेच्या कडेला कड लावून एक भलीमोठी फुलदाणी बसवली. वर जांभळी फुलं, खाली हिरवी पानं. दोन महिने खपली बिचारी. पेन्सिलीच्या रेघांनी भरलेला मूळ कागद मग रद्दीत गेला.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक बाई म्हणाल्या, "फुलदाणी काय जिवंत वाटते हो!" लोकरीला घाम फुटत नाही, म्हणून निभावलं.

बाबांनी स्वतः खिळा ठोकून मला टांगलं. मुलगी गावाहून परतली आणि दारातच थबकली.

"आई कुठाय?"

आई जाऊन सोळा वर्षं झाली होती. मुलीनं माझ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"त्या खुर्चीत आई होती."

"काहीतरीच! तिथे कोरा कागद होता," आत्या म्हणाली.

"मला तेवढीच आठवते गं. मागून ऊन यायचं, चेहरा दिसायचाच नाही. चार वर्षांची होते मी. मग खोटा चेहरा कशाला काढू?"

"मग खाली तसं लिहायचंस," बाबा म्हणाले.

लिहायचंस! ज्या खुर्चीत बायको रोज बसायची, ती खुर्ची ओळखायला नवऱ्याला चिठ्ठी हवी होती.

मुलीनं मूळ चित्र मागितलं. रद्दी कधीच गेली होती. तिनं मला खाली उतरवलं, काच काढली आणि छोटी कात्री घेतली.

"अगं, बक्षिसाचं आहे ते!" आत्या किंचाळली.

मुलगी संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. एकेक फूल, एकेक पान उसवलं. शेवटचा जांभळा धागा निघाला तेव्हा खुर्चीत नुसती जाळी उरली, आणि भोवतीच्या टाक्यांमधून दोन खांदे उमटले. तिनं मला परत टांगलं, बॅग भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. कुणी थांबवलं नाही. दोघं जमिनीवरची लोकर गोळा करत होते.

आता दर बुधवारी आत्या सुई ओवून माझ्यासमोर उभी राहते. "निदान निळा स्वेटर तरी भरू दे. तोच घालायची ना ती?"

"राहू दे, ताई," बाबा म्हणतात.

हल्ली ते दुपारभर माझ्यासमोर बसतात. मांडीवर वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. परवा शेजारचे काका आले. मला बघून हळहळले, "अरेरे, उंदरानं कुरतडलं वाटतं?"

"नाही," बाबा म्हणाले. "माझी बायको बसलीय तिथे."

काकांनी घाईघाईनं चहा संपवला.

वाक्य चांगलं होतं, बाबा. पण ते शेजाऱ्याला सांगून काय उपयोग? जिनं ऐकायला हवं होतं, ती तीन महिने या घरात नाही. फोन तुमच्या खिशात आहे. माझं काय, मी लोकरीचा, मला नंबर फिरवता येत नाही. तुम्हाला येतो.