उमलक्रमाची एकुलती एक विद्यार्थिनी

कळीबाईंना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. संस्थेच्या सातही शाळांच्या प्राथमिक विभागाचं संचालकपद. जिन्याखालच्या कोंदट खोलीऐवजी वरच्या मजल्यावरची दोन खिडक्यांची खोली. आणि स्वतः तयार केलेल्या 'उमलक्रम' नावाच्या अभ्यासक्रमावर कायमचं स्वतःचं नाव. यात वाईट काही नाही. दोन खिडक्यांची आस कुणालाही असते. पण हे सगळं दुसरीच्या एका वर्गावर येऊन ठेपलं होतं. संस्थेची समिती येणार, न शिकवता मुलं वाचायला लागली आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि मग उमलक्रम सगळीकडे लागू होणार. वर्गात मुलं सव्वीस. त्यातली पंचवीस घडाघडा वाचत होती.

सव्विसावी गोटी.

उमलक्रमात पहिली-दुसरीला पुस्तक नाही, वही नाही, पाढे नाहीत. माती, वाळू, शिंपले, बिया. अक्षर शिकवायचं नाही, त्याची 'भेट' घडवायची. म्हणजे टोपलीत रुमालाखाली एक अक्षर झाकून ठेवायचं, मुलांनी भोवती गोल करून बसायचं, टीचरनी रुमाल उचलायचा आणि सगळ्यांनी चकित व्हायचं. "कळीला कुणी ओढून फुलवतं का? ती आपोआप उमलते," हे बाई दर पालकसभेत इतक्या मनापासून म्हणत की पालकांनी त्यांचं नावच कळीबाई ठेवलं. तिसरीपासून मात्र जाडजूड पुस्तकं, चाचण्या आणि शुद्धलेखन, दुसऱ्या कुठल्याही शाळेत असतं तेच. थोडक्यात, कळीला दुसरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सवड होती; तिसरीच्या पहिल्या दिवशी तिने फूल होऊन हजेरी द्यायची.

प्रवेश घेताना पालकांकडून वचन लिहून घेतलं जाई: घरी अक्षर-अंक शिकवणार नाही, शिकवणी लावणार नाही. सव्वीस घरांनी सह्या केल्या. पंचवीस घरांनी शाळेतून परत जाताना वाटेतच गिरवायच्या वह्या घेतल्या.

गोटीची आई औषधांचं दुकान चालवायची, आणि घोटाळा तिथेच झाला. चिठ्ठीवर जेवणानंतर लिहिलं असेल तर जेवणानंतर, पाच दिवस तर पाच दिवस. "जरा मागेपुढे झालं तर चालतं ना?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती म्हणायची, "मग डॉक्टरांनी लिहिलंय कशाला?" तिने वचनही तसंच पाळलं. गोटीच्या आत्याने हौसेने आणलेलं अक्षरांचं कोडं माळ्यावर गेलं. दुकानात येऊन गोटी औषधाच्या खोक्यावर बोट ठेवून "हे काय लिहिलंय?" विचारायची, तेव्हा आई खोकं फिरवून ठेवायची. "कळेल तुला आपोआप," म्हणायची.

आत्याचं तीन दुकानं सोडून ब्यूटी पार्लर होतं. तिला आपोआप काही होतं यावर विश्वास नव्हता.

"वहिनी, पोरगी सात वर्षांची झाली. दुकानाची पाटी वाचता येत नाही तिला. आपल्याच दुकानाची!"

"वन्सं, प्रत्येकाची वेळ असते."

"असते की. पण तिला घड्याळही वाचता येत नाही. वेळ झाली हे तिला कळणार कसं?"

यावर गोटीचे बाबा हसले आणि बायकोने बघताच खोकले. खोकल्याचं औषध मागच्याच फळीवर होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही.

गोटीने मात्र एकदा सांगून बघितलं होतं. "आई, टीचर रुमाल उचलतात ना, त्याच्या आधीच बाकीच्या मुलांना माहीत असतं टोपलीत काय आहे ते. टीचर म्हणतात, लगेच ओरडू नका, आधी विचार केल्यासारखं करा. मी खरंच विचार करते. तोवर ते अक्षर संपून जातं." आईला वाटलं, पोरीला गोष्टी रचायची हौस आहे. तिने कौतुकाने गालगुच्चा घेतला.

समिती यायच्या आठवडाभर आधी आईला शाळेत बोलावणं आलं. जिन्याखालच्या खोलीत कळीबाई बसल्या होत्या. वर्गाच्या टीचर कोपऱ्यात उभ्या राहून टोपलीतले शिंपले उगाच लहान-मोठे लावत होत्या.

"गोटी फार गोड मुलगी आहे हं," कळीबाई म्हणाल्या.

साखरेचा लेप दिलेल्या गोळ्या आईने आयुष्यभर विकल्या होत्या. ती खुर्चीत ताठ झाली.

"पण ती उमलत नाहीये."

"मग थांबू या ना, मॅडम. तुम्हीच म्हणता, ओढायचं नाही."

"थांबण्यालाही मर्यादा असते, ताई. पंचवीस मुलं वाचतायत. वर्ग तोच, टीचर त्याच, पद्धत तीच. मग फरक कशात आहे? तुम्हीच सांगा." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं, "मुलीत. तिला एकदा तज्ज्ञांना दाखवा. शिकण्यात अडचण आहे असं प्रमाणपत्र मिळालं की आपल्या सगळ्यांनाच सोपं जाईल."

"आणि अडचण नसलीच तर?"

"तर मग तिसरीत घेणं आम्हाला अवघड जाईल. अडचण असली तर तिच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत, मी नावं देईन. आणि समिती येईल त्या दिवशी तिला घरीच ठेवा. आपल्याला काही नाही, तिलाच ताण येतो."

म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर; दोन्ही शाळेच्या फाटकाबाहेर. आईने टीचरकडे बघितलं. टीचरना नेमका तेव्हाच एक फुटका शिंपला सापडला होता.

त्या संध्याकाळी दुकानात आई आणि बाबा हळू आवाजात बोलत होते. काउंटरखाली खोक्यांची गाडी करून बसलेली गोटी मध्येच म्हणाली, "आई, मला अडचण झालीय का? मग त्याचं औषध दे की. कडू असलं तरी घेईन."

आईने काउंटर पुसायला घेतला. स्वच्छ काउंटर ती बराच वेळ पुसत राहिली.

आत्या आली ती पदराला हात पुसतच. "वहिनी, एक विचारू? तुझी गोटी हस्तकलेला जाते का?"

"कसली हस्तकला?"

"तेच! समिती यायचीय म्हणून सगळ्या आया नटायला माझ्याकडे लोटल्यात. आज एकीने विचारलं, तुमची भाची हस्तकलेला कुठल्या रांगेत बसते? मी म्हटलं, कसल्या हस्तकलेला? तर बाई एकदम अळीमिळी गुपचिळी. पण मी काय सोडते? अर्ध्या भुवया कोरून हात आखडता घेतला. म्हटलं, आता सांगा, नाहीतर अशाच जा घरी."

"आणि?"

"आणि काय, सांगितलं. इस्त्रीवाल्याच्या वरची खोली. रोज संध्याकाळी."

दुसऱ्या दिवशी आई दुकान नवऱ्यावर सोडून त्या जिन्याने चढली. दाराबाहेरच तिला ऐकू आलं: वीस-पंचवीस पोरं एका सुरात धडा वाचत होती. तिने दार ढकललं. क्षणात पुस्तकं बैठकीखाली, मातीचे गोळे हातात. कुणी हत्ती वळतंय, कुणी वाटी. तालीम इतकी पक्की की आग लागली असती तरी पोरांनी पळायच्या आधी हत्तीची सोंड पुरी केली असती. सगळा वर्ग तिथे होता, एक गोटी सोडून. आणि फळ्यापाशी हातात खडू घेऊन गोटीच्याच टीचर.

"टीचर, तुम्ही?"

टीचरनी तिला हाताला धरून बाहेर जिन्यात आणलं. "हळू बोला ना, प्लीज."

"सकाळी शाळेत म्हणता अक्षर शिकवायचं नाही, आणि संध्याकाळी इथे—"

"मग काय करू? टोपलीवरचा रुमाल उचलून कुठलं पोर वाचायला लागलंय का? पहिल्या वर्षीच पालक घाबरले. म्हणाले, तिसरीत आमची मुलं मार खातील. मला गळ घातली."

"कळीबाईंना माहीत आहे?"

टीचर हातावरची खडूची धूळ झटकू लागल्या. ते पुरेसं होतं.

"आणि मला कसं नाही सांगितलंत? दोन वर्षं! रोज गोटीला फाटकात माझ्या हाती देत होतात तुम्ही."

टीचर खरोखरच गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, तुम्ही घरी घेता. सगळ्यांनाच वाटलं. तुम्ही..." त्यांचा आवाज खाली गेला. "तुम्ही खरंच काही शिकवलं नाहीत?"

चोळायचं औषध प्यायलेल्या माणसाला विचारावं, तसं त्यांनी ते विचारलं. आईची कानशिलं तापली. नियम मोडणारे सगळे शहाणे, आणि पाळणारी तेवढी वेडी. वर त्या वेडीच्या पोरीत दोष!

समितीच्या दिवशी आईने गोटीला घरी ठेवलं नाही. स्वच्छ फ्रॉक घालून, बोट धरून शाळेत नेलं. कळीबाईंचा चेहरा उतरला, पण समितीसमोर दारातून लेकरू परत कसं पाठवणार?

समितीत तीन जण होते. दोघे खुर्चीत बसताक्षणी चहाची वाट बघू लागले. तिसरे, चष्मेवाले अध्यक्ष, खरंच बघत होते. पालक मागे भिंतीला टेकून उभे. टीचरनी टोपली आणली, रुमाल उचलला. पंचवीस पोरांनी कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं केलं आणि मग एकसाथ चकित झाली. त्यानंतर एकेकाने उठून पाटीवरचं वाक्य वाचलं. न अडखळता. एकाने तर टीचरनी पाटी फिरवायच्या आधीच वाचून टाकलं. ते समितीच्या लक्षात आलं नाही.

गोटीची पाळी आली. तिने पाटी हातात घेतली. पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं. वाळूच्या ताटात जाऊन ते काढून बघितलं. पुसलं. परत काढलं. ओठ हलवून हळूच एक आवाज केला, मान हलवून तो मोडीत काढला आणि दुसरा केला. दोन वर्षांत तिला जे सांगितलं होतं, तेच ती सगळ्यांसमोर इमानाने करत होती. उमलक्रम त्या खोलीत त्या घडीला चालू होता तो फक्त वाळूच्या त्या एका ताटापाशी.

"ही मुलगी अजून वाचत नाही का?" अध्यक्षांनी विचारलं.

कळीबाई हसल्या. "ती नवीन आहे, सर. नुकतीच दुसऱ्या शाळेतून आली. तिथल्या घोकंपट्टीने बिचारीचं नुकसान झालंय. आपल्याकडे सावरेल हळूहळू."

"खोटं आहे हे!" आई भिंतीपासून पुढे आली. "पहिल्या दिवसापासून ती इथेच आहे. ती एकटीच इथे शिकलीय! बाकी सगळी संध्याकाळी शिकवणीला जातात. याच टीचरकडे. विचारा यांना."

गोटी वाळूत बोट तसंच ठेवून आईकडे बघत होती.

अध्यक्ष पालकांकडे वळले. "कुणी मुलांना बाहेर शिकवायला पाठवतं का? मोकळेपणाने सांगा."

मोकळेपणाने! भिंतीला टेकलेल्या त्या सगळ्या सुशिक्षित, कालच भुवया कोरून आलेल्या, शाळेच्या नावावर घराची पत सांगणाऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. कबूल केलं तर वचन मोडल्याचं उघड होणार, शाळेचं नाव जाणार, आणि शाळेचं नाव गेलं म्हणजे आपलंही गेलंच. एक बाई म्हणाली, "छे! आमचा हस्तकलेला जातो फक्त." एक वडील गोटीच्या आईच्या कानाशी आले. "ताई, मुलांसमोर नको. तुमचं दुःख समजतो आम्ही. पण स्वतःच्या मुलीसाठी दुसऱ्यांची मुलं कशाला बदनाम करता?"

"तुमचा मुलगा पहिल्या रांगेत बसतो तिथे," ती म्हणाली. "परवा मातीची वाटी करत होता."

ते घाईघाईने मागे सरकले. टीचरच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांनी टोपलीवर रुमाल पुन्हा नीट पसरला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आईची घालमेल आहे. आपण समजून घेऊ." मग चहा आला.

आता कुणाला हे केवढ्याला पडलं, तेही मांडू.

कळीबाईंना ते फुकटच पडलं. दोन्ही खिडक्या मिळाल्या, आणि सातही शाळांत टोपल्या गेल्या. टीचरना ते एका वाईट दिवसाला पडलं; पुढे इस्त्रीवाल्याच्या वरची शेजारची खोलीही त्यांनी घेतली. पंचवीस घरांना रस्त्यात औषधवाली दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जावं लागलं, आणि डोकेदुखीच्या गोळीसाठी दोन चौक लांब चालावं लागलं. समितीचा अर्धा दिवस गेला. आईने तज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, तिला कुणी शिकवलेलंच नाही. मग आत्याने माळ्यावरचं कोडं उतरवलं, आणि गोटी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला लागली. आईच्या माथी एवढंच आलं की आता ती चिठ्ठी तीनदा वाचते आणि तरी गोळ्या देताना तिचा हात थबकतो.

बाकीचं सगळं गोटीने भरलं. नव्या शाळेने तिला तिसरीत घेतलं नाही; ती पुन्हा दुसरीत, आपल्याहून लहान मुलांत, मागच्या बाकावर बसते. वाचता येतं, पण पुढ्यात पान आलं की आधी हाताने ते झाकते, आणि समोरच्या माणसाला विचारते, "मला येत असलं, तर चालेल ना?"