पाचशे टक्के

ट्युनिशियातल्या बेजा गावच्या कोर्टासमोर शदलियाचं अर्ज लिहून द्यायचं दुकान होतं. सत्तावीस वर्षं ती लोकांची भांडणं कायद्याच्या भाषेत बसवून देत होती. तिच्या संगणकावर तीन चिन्हं होती: पोटगी, भाडं, हरवलेली कागदपत्रं. पोटगीवर टिचकी मारली की लिहायचा प्रोग्राम पोटगीचा मसुदा घेऊनच उघडायचा. ही सोय शेजारच्या मुंजीची, तो संगणक दुरुस्त करायचा. चिन्हामागे आज्ञेची एक ओळ असते. तिच्या शेवटी त्यानं तिरकी रेघ, टी हे अक्षर आणि मसुद्याचं नाव घालून दिलं होतं.

मग शदलियाच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. ट्युनिसचा डॉक्टर म्हणाला, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपा."

ती त्याला आदरानं सी म्हणायची, तो तिला लल्ला, म्हणजे बाईसाहेब. "सी मुंजी," ती म्हणाली, "प्रोग्राम उघडतानाच अक्षरं मोठी येतील असं काही करता येईल का हो? दर वेळी ते बटण शोधता शोधता जीव जातो माझा."

"न यायला काय झालं!" त्यानं त्याच ओळीत आणखी एक तिरकी रेघ घातली, तिला चिकटून एम, आणि आपण केलेल्या एका लहानशा आज्ञावलीचं नाव: कबीर, म्हणजे मोठं. आता प्रोग्राम उघडला की अक्षरं दुप्पट व्हायची आणि कर्सर आपणहून पहिल्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

दुप्पट सहा महिने पुरली. मग तिप्पट, मग चौपट.

"लल्ला, आज पाचशे टक्के केलंय," एके दिवशी मुंजी म्हणाला. "हा प्रोग्राम याच्या पुढे जात नाही."

"म्हणजे संपलं."

"संपलं कसलं! एवढ्यात तर माझ्या सासूबाईंनाही वाचता येईल. एरवी त्यांना फक्त माझे दोष दिसतात."

ती हसली. पण पडद्यावर आता दोन-तीनच शब्द मावत होते. बाकीचं वाक्य तिला डोक्यात धरून ठेवावं लागे.

जूनच्या अखेरीस डोंगराकडच्या गावातून वनासा आली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पदरात एक मुलगी. नवरा ट्युनिसला कामाला गेला होता आणि दोन वर्षं त्यानं घराकडे बघितलं नव्हतं. शदलियानं सगळं ऐकून घेतलं आणि पोटगीच्या चिन्हावर टिचकी मारली. चिन्हांची नावं तिला वाचता येत नसत, ती जागेवरून ओळखायची. त्या आठवड्यात वीज जाऊन आली होती आणि चिन्हांच्या जागा बदलल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. पोटगीच्या आणि भाड्याच्या दोन्ही मसुद्यांत वरच्या रिकाम्या जागा सारख्याच: नाव, बापाचं नाव, पत्ता, विरुद्ध पक्ष. तिनं त्या भरल्या, कागद छापला. वनासानं अंगठा उठवला.

बाराव्या दिवशी वनासा तोच कागद घेऊन परत आली. "मावशी, कोर्टातले म्हणतात मी नवऱ्याकडे दुकानाचं भाडं मागितलंय. आतली माणसं हसत होती हो."

शदलियानं मुंजीला हाक मारली. तो वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

"वाचा ना."

"लल्ला... हा भाड्याचाच आहे."

कोर्टाची उन्हाळी सुट्टी दोन दिवसांवर आली होती. तिनं तिथल्या तिथे नवा अर्ज केला, मुंजीनं ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली. अर्ज दाखल झाला. तारीख मिळाली ती ऑक्टोबरची.

वनासा रागावली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "डोळ्यांचं आधी सांगायचं होतं, मावशी."

ती गेल्यावर शदलिया म्हणाली, "सी मुंजी, त्या ओळीतलं कबीर काढून टाका. हा संगणक ज्याच्याकडे जाईल, त्याला ते लागायचं नाही."

"अहो, मी रोज येऊन वाचून देत जाईन."

"आणि ज्या दिवशी तुम्ही नसाल, त्या दिवशी कुणाचं काय छापून जाईल?"

मुंजीनं खुर्ची संगणकापुढे ओढली. मग त्यानं ते काढलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

ऑक्टोबरात त्या तारखेला शदलिया मुंजीच्या बायकोचा हात धरून कोर्टात गेली. वनासाच्या नावाचा तीनदा पुकारा झाला, कुणी उठलं नाही. अर्जदार गैरहजर म्हणून प्रकरण निकालात निघालं. तासाभरानं एक म्हातारी धापा टाकत आली. ती वनासाची आई. वनासा ऑगस्टमध्येच सूस शहरात एका घरी कामाला लागली होती, मुलगी आजीकडे. मालकिणीनं सुट्टी दिली नव्हती.

"तिनं किती वाट बघायची?" म्हातारी म्हणाली. "अर्ज लिहिणाऱ्या त्या तुम्हीच ना? आणखी एक लिहून द्या."

"मी आता लिहीत नाही, बाई."

शदलियानं तिला पलीकडच्या गल्लीतल्या अर्ज लिहिणाऱ्याकडे नेलं. सूसला फोन लावून वनासाला विचारून घेतलं आणि मजकूर शदलियानं स्वतः तोंडपाठ सांगितला. कागद छापून झाल्यावर ती म्हणाली, "आता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवा."

"माझ्यावर विश्वास नाही का, लल्ला?"

"वाचा."

त्यानं कुरकुरत वाचलं. अर्ज बरोबर होता. वनासाचा अंगठा घ्यायला म्हातारी तो कागद घेऊन सूसच्या गाडीत बसली. अंगठा होऊन अर्ज दाखल झाला, तेव्हा पुढची तारीख मिळाली ती फेब्रुवारीची.