पहाटेचा चहा

पुढचं कोणाला पटणार नाही. लावा पैज. एका बाईने कागदावर एक नवरा रचला. पहाटे उठणारा, चहा करणारा, बायकोच्या लिखाणावर जीव टाकणारा. आणि एका रविवारी तो नवरा इस्त्रीचा कोट घालून, अंगावर अत्तर फवारून चर्चच्या व्यासपीठावर चढला आणि माइक हातात घेऊन बोलायला लागला. यात एक शब्द वाढवलेला असेल तर जीभ झडो. दोन-चार असतील तर ते चालवून घ्या.

बाई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पेशंटचे नंबर लावायचे, फोन घ्यायचे, आत ड्रिल घूं करायला लागलं की बाहेर बसलेल्यांचे उतरलेले चेहरे बघून "काही दुखत नाही हो" म्हणायचं. म्हणजे धीर देणं तिच्या पगारातच धरलेलं होतं. मधल्या वेळात ती लिहायची. औषधांच्या कंपन्या फुकट पॅड वाटतात, त्याच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक हसरी दाढ छापलेली असायची. त्या दाढेखाली तिने प्रार्थना लिहिल्या, गोष्टी लिहिल्या, देवाशी कडाक्याची भांडणंही लिहिली. दुपारी सगळ्यांचा चहा यायचा, तेव्हा तिचा कप डॉक्टरांच्या मदतनिसाकडे जायचा. चहाने तिचं पित्त खवळायचं. ती आपली कोमट पाण्याची बाटली उघडायची आणि पुन्हा दाढेखाली मान घालायची.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, त्यामुळे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं तरी गाडी आपणच चालवतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत ते घरीही घेऊन यायचे.

एकदा बाईने रात्रंदिवस मनात घोळवलेलं एक पान टेबलावर ठेवलं आणि ती आंघोळीला गेली. परत आली तर मास्तर अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभे. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी त्यांनी त्या पानाला पुसली होती.

"अहो, हे काय केलंत!"

"काय केलं? कागद तर होता."

"लिहिलेला होता."

"मग? रिकामा कागद वाया घालवू?"

त्यांचं म्हणणं त्यांना इतकं बिनतोड वाटलं की ते बॉनेट बंद करून शिट्टी वाजवत निघून गेले. बाई जमिनीवर गुडघे टेकून बसली. खूप वेळ प्रार्थना केली. वरून काही उत्तर आलं नाही. मग ती उठली आणि तेच पान आठवून आठवून पुन्हा लिहायला बसली.

नेमकं हेच तिने लेखात लिहिलं. चर्चच्या मासिकात लिहिणाऱ्या मंडळींना धीर देणारं एक सदर सुरू होणार होतं, पाळकसाहेबांनी तिच्याकडे पहिला लेख मागितला होता. तेलाचा डाग, न आलेलं उत्तर, पुन्हा लिहायला बसणं, सगळं जसंच्या तसं. तिने जन्मात लिहिलेलं सर्वांत चांगलं पान होतं ते. पाळकसाहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत केलं.

"भगिनी, देवाच्या कृपेची साक्ष कशी हवी? शेवटी माणसाचं मन भरून यायला हवं. लोक आधीच दमून येतात. त्यांना तेलाचा डाग कशाला दाखवायचा?"

"पण झालं तसंच, पाळकसाहेब."

"झालं असेल. प्रभू पुढे काहीतरी चांगलं करणारच आहे ना? तेवढं आधी लिहून टाका."

बाई घरी आली आणि देवाने जे अजून केलं नव्हतं ते तिने करून टाकलं. तेलाचा डाग पुसला, त्या जागी आसवाचा डाग आला. नवऱ्याने पान उचललं, वाचलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्वतः चहा केला, दोन चमचे साखर घातली, कप तिच्या हाताशी ठेवला आणि म्हणाला, "लिही. लेखणी देवाने दिली आहे, चहा मी देतो."

मासिक निघालं आणि लोक वेडे झाले. मग काय, दर महिन्याला मास्तर पहाटे उठू लागले. थंडीत बायकोच्या खांद्यावर शाल घालू लागले. लेख परत आला तर तिची समजूत काढू लागले. लेखाखाली नाव नसायचं, नुसतं "एक भगिनी" असायचं. पण भगिनी कोण हे चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. उपासनेनंतर बायका मास्तरांकडे अशा बघायच्या की मास्तर शर्टाची कॉलर नीट करायचे. का बघतात हे त्यांना माहीत नव्हतं. मासिक घरात यायचं, पण त्यात गाड्यांबद्दल काही नसायचं.

एक दिवस दवाखान्यात त्यांच्याच मंडळीतली एक नर्स आली, गाल सुजलेला. ती पूर्वी छोट्या छोट्या प्रार्थना लिहायची, मासिकात यायच्या. बाईने नंबर लावता लावता विचारलं, "हल्ली काही लिहीत नाहीस?"

"नाही ताई." नर्सने गालावर हात धरला. "मी लिहायला बसले की आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढतो. तुमचा लेख वाचून मी ह्यांना माझे कागद दाखवले. म्हटलं, बघू, डोळ्यांत पाणी येतंय का. आलं, हसून हसून."

"अगं—"

"नाही, चूक माझीच असणार. तुमच्या प्रार्थनेला असा माणूस मिळाला. माझ्या प्रार्थनेतच खोट असेल. म्हणून आता तीही कमी केली."

आत ड्रिल सुरू झालं. "काही दुखत नाही," बाई सवयीने म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

तोवर पाळकसाहेबांनी ठरवलं होतं, या लेखांचं पुस्तक काढायचं. वर बाईचं नाव छापायचं. बाईने आयुष्यभर देवाकडे गुपचूप मागितलेली गोष्ट तीच होती, हसऱ्या दाढेखाली नव्हे, स्वतःच्या नावाखाली एकदा छापून येणं. ती होकार देऊन बसली. आणि पाळकसाहेब मास्तरांना सत्काराचं बोलावणं करायला थेट शिकवण्याच्या गाडीपाशी गेले.

संध्याकाळी मास्तर घरी आले ते हसतच.

"अगं, मी चहा करतो म्हणे!"

"अहो, ते... मी..."

"आण बघू ती मासिकं."

त्यांनी सगळे अंक एका बैठकीत वाचले. बोट ओलं करून पानं उलटत, स्वतः जिथे नाहीत तिथली पानं गाळत. शेवटचा अंक मिटून म्हणाले, "मस्त लिहिलंयस की! मी इतका चांगला आहे हे मलाच माहीत नव्हतं."

त्या रात्री बाईला एक खुळी आशा लागली. कोण जाणे, वाचून माणूस बदलतोही. पहाटे ती डोळे मिटून पडून राहिली आणि स्वयंपाकघराकडे कान लावला. प्रभू, एकदा तरी भांडं वाजू दे. तो चहा आला असता तर पित्ताची पर्वा न करता तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला असता. बाजूला मास्तर घोरत होते. गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकावी तसे.

तर तो रविवार. उपासना झाली, खुर्च्या सरकल्या, माइक किंचाळून गप्प झाला. पाळकसाहेबांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला. मास्तरांनी घसा साफ केला.

"तुम्हाला खरं वाटणार नाही," ते म्हणाले, "पण मी चारलाच उठतो."

टाळ्या.

"बायको झोपलेली असते. म्हणतो, झोपू दे बिचारी. चहा टाकतो. दोन चमचे साखर. कप घेऊन जातो आणि हलकेच म्हणतो, ऊठ, देवाने लेखणी दिली आहे."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

आमेन मिळाल्यावर मास्तर कशाला थांबतात? "आता हे लेखांत नाही, पण सांगतो. ती लिहिते, बरोबर. पण सुचतं कोणाला? गाडी शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, ब्रेक आणि क्लच कोणाच्या पायाखाली? मी बाजूला बसतो आणि सांगतो, आता वळव, आता थांब. तिने फक्त हात चालवायचे. शब्द म्हणाल तर..." त्यांनी नम्रपणे छातीला हात लावला. "देवाचे. माझ्या तोंडून."

सभागृह हेलावलं. कोणीतरी नाक शिंकरलं. पाळकसाहेबांचा आवाज भरून आला. "मंडळी, इतकी नम्रता! इतके दिवस हा माणूस पडद्याआड राहिला. मी आत्ताच जाहीर करतो, पुस्तकावर नाव मास्तरांचं येईल. आणि आत, पहिल्या पानावर, भगिनींचे आभार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. कोणी तिच्या पाठीवर थोपटलं, अभिनंदन म्हणून. बोलावं तर मास्तरांबरोबर आपलंही खोटं उघडं पडणार, सदर जाणार, पुस्तक जाणार, पुन्हा या दारात कोणी आपला शब्द खरा मानणार नाही. न बोलावं तर निदान आभारात तरी नाव येईल. तिने हिशेब केला आणि तिला खरोखर वाटलं, गप्प बसावं.

मग तिने मान वळवली. लगेच मागच्या रांगेत नर्स टाळ्या वाजवत होती. गालाची सूज उतरली होती, डोळे भरलेले. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघून ती अगदी हळू म्हणाली, "बघा. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मास्तर माइकवर अजून रंगात होते. "आजही चारला उठलो! आजही तिला कप दिला! विचारा तिला, कसा झाला होता?"

सगळ्यांच्या माना बाईकडे वळल्या. मास्तर हसत होते, पाळकसाहेब हसत होते.

बाई उठली. माइक नव्हता, तरी आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"अहो मास्तर, मी चहा पीतच नाही. लग्न झाल्यापासून कधी प्यायलेच नाही."