अर्ध्या कीर्तनातून उठलेला बन्सी

अर्ध्या कीर्तनातून उठून जाणाऱ्या माणसाचा मला लई राग येतो. ऐकायचं तर पुरतं ऐका, नाय तर घरी बसा. निजामाच्या अमलात, आमच्या औरंगाबादच्या ख्रिस्ती वस्तीत बन्सी असाच उठून गेला अन् त्याच्या आईच्या निवाऱ्यावर बेतलं.

बन्सी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. कडक माणूस. कुणी मरीआईला नारळ फोडला की त्याला प्रभुभोजनाच्या पंगतीतून काढायचं, हे त्यानंच ठरवलेलं. आणि त्याच्याच घरात, कणगीमागं, त्याच्या आईनं मरीआईचा शेंदरी दगड ठेवलेला. मनकर्णाबाई तिचं नाव. बाप्तिस्मा घेतला, तरी तिला तो टाकवला नव्हता. पटकीतून नात वाचली तेव्हा तिनं त्याला दहीभात दाखवला होता. बन्सीला ठाऊक होतं, पण ती पडली त्याची आई. तो गप्प बसायचा, अन् लोक पाठीमागं बोलायचे.

सुगीच्या सणाला, रविवारी दुपारी पुंजारामबुवांचं कीर्तन होतं. शास्त्रातल्या राजांची कथा. आधी अहाब राजा लावला. बायकोच्या नादानं परक्या देवापुढं वाकला अन् घराण्याचं वाटोळं करून बसला. मग आसा राजा. त्यानं देवाशी इमान राखलं. सख्ख्या आईनं मूर्ती केली, तर तिचं राजमातेचं पद काढून घेतलं अन् मूर्ती तोडून ओढ्याकाठी जाळली. एवढं सांगून बुवा थांबले. पूर्वरंग संपला की आमच्यात भजन होतं, बुवांना हार घालतात, लोक पाणी पितात. तेवढ्यात बन्सी उठला अन् तरातरा घरी गेला.

उत्तररंगात बुवांनी आसाचंच म्हातारपण लावलं. देवाचा माणूस त्याची चूक दाखवायला आला, तर आसानं त्याला खोड्यात घातलं. रयतेला छळलं.

"मूर्ती जाळली खरी," बुवा म्हणाले, "पण पुढं स्वतःच्या मनाचा दगड झाला, तो त्याला दिसला नाय."

माझ्या शेजारी बसलेली मनकर्णाबाई उभी राहिली.

"माझ्या घरात मरीआई हाय," ती म्हणाली. "बन्सीची चूक नाय, माझी हाय. आज मी तिला माझ्या हातानं टाकते."

कुणी जुना देव टाकायला निघालं की सारी मंडळी गात त्याच्या संगं जाते. तसे आम्ही टाळ वाजवत निघालो. म्हातारी पुढं. मला तर आनंदानं रडू येत होतं.

दाराबाहेर तिचं बोचकं ठेवलेलं, त्यावर वाकळ. बन्सी उंबऱ्यात उभा. टाळ थांबले.

"दगड कुठंय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"खाम नदीत टाकला. आन तूबी या घरात नको. आसानं काढली तशी मी काढतो."

माझं डोकंच फिरलं. "आरं शहाण्या, आसानं गादीवरून काढली, घरातून नाय. अन् पुढचं ऐकून तरी यायचं." मग त्याची आई मंडळीसमोर काय बोलली, ते मी त्याला सांगितलं.

बन्सीचं तोंड उतरलं. तो खाली वाकला अन् बोचकं आत न्यायला हात घातला.

म्हातारीनं त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "देव मला टाकायचा व्हता, तो तू टाकलास. आता बोचकं तरी माझं मला उचलू दे."

ते काखेत मारून ती माझ्या घरी आली, ती कायमची.