एक्केचाळीस कोरे फॉर्म

संस्थेच्या संचालक मंडळावर निवडून यायचं तर उमेदवाराने स्वतःबद्दल दीडशे शब्द लिहून द्यायचे, असा नियम होता. एक शब्द जास्त झाला तर अध्यक्ष कर्नलसाहेब स्वतः लाल पेनाने तो उडवत. माजी सैनिकांची संस्था ती. तिथे शब्दांनाही रांगेत उभं राहावं लागे.

खोलीवाल्या ताईंचं सगळं एकशे बारा शब्दांतच आटोपलं. नवरा लष्करात वायरलेसवर होता, तो गेला त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून संस्थेचं विश्रामगृह सांभाळते. आणखी काय लिहिणार? विश्रामगृह म्हणजे लष्करी इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोरच्या नऊ खोल्या. आत वॉर्डात माणूस पडलेला असतो तेव्हा त्याची बायको, आई, बहीण बाहेर कुठे राहणार? त्या या नऊ खोल्यांत राहत. कुणाला कोणती खोली द्यायची हे ताई ठरवत, म्हणून बायकांनी त्यांचं नाव खोलीवाल्या ताई असं पाडलं होतं. जिला मोकळेपणी रडायचं असेल तिला टोकाची खोली, जिला एकटीला भीती वाटत असेल तिला स्वयंपाकघराशेजारची. हे नियम कुठल्या वहीत लिहिलेले नव्हते, पण ते कधी चुकले नव्हते.

आता या नऊ खोल्या जाणार होत्या. कर्नलसाहेबांना तिथे स्मृतिदालन करायचं होतं. मधल्या भिंती पाडून एक लांबलचक हॉल, काचेच्या कपाटांत पदकं, जुन्या बंदुका, घडीवर फाटलेले नकाशे. मंडळात सात जागा. तिघे दालनाच्या बाजूने, तिघे खोल्यांच्या, आणि सातवी जागा रिकामी. त्या जागेवर कोण बसतं त्यावर सगळं अवलंबून होतं.

कर्नलसाहेबांनी उभे केले होते पुलवाले मेजर. मेजरांनी नोकरीत असताना कुठल्याशा नदीवर सहा तासांत पूल बांधला होता आणि तेव्हापासून त्यांना बोलायला दुसरा विषय सापडला नव्हता. त्यांच्या दीडशे शब्दांतले नव्वद त्या पुलावरच खर्ची पडले होते. माणूस वाईट नव्हता. त्याला साठ माणसांत कुठेही बसवा, तो पूल सांगायचा आणि खूश राहायचा.

ताई उभ्या राहिल्या त्या भाऊजींच्या आग्रहाने. भाऊजी नात्याचे कुणी नव्हेत. नवऱ्याच्या तुकडीतले हवालदार, तेही वायरलेसवरचेच. नवऱ्याची ट्रंक घरी पोचवायला ते आले आणि मग येतच राहिले. मुलीच्या शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत भाऊजी, बंद पडलेल्या पंख्याखाली स्टुलावर चढलेले भाऊजी, ताईंच्या ऑपरेशनच्या वेळी बाकावर बसलेले भाऊजी. शेजाऱ्यांनी सुरुवातीला थोडं नाक मुरडलं, नंतर त्यांचीही बिलं भाऊजीच भरून आणायला लागले तेव्हा शेजारी गप्प बसले.

"वहिनी, तुम्ही उभ्या राहा," भाऊजी म्हणाले होते. "मंडळात आजवर एकही बाई गेली नाही. या खोल्यांबद्दल तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

"मला सभेत बोलता येत नाही हो."

"नका बोलू. हात वर करायचा. तेवढं येतं ना?"

ताई हसल्या, आणि त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून भाऊजींनीच सही केली.

आता मतांचं. सभेला येता येत नसेल तर सभासदाने प्रॉक्सीचा पिवळा फॉर्म सही करून पाठवायचा. त्यावर दोन रेघा असत. आपल्या वतीने मत कोण टाकणार ही एक, आणि कुणाला टाकणार ही दुसरी. संस्थेतली रीत अशी की सही तेवढी करायची आणि दोन्ही रेघा कोऱ्या ठेवायच्या. कारण उमेदवारांच्या अर्जांची छाननी सभेच्या दिवशी सकाळी होई, आणि बाद झालेल्या उमेदवाराचं नाव फॉर्मवर असलं की फॉर्मही बाद. मागच्या निवडणुकीत असे सतरा फॉर्म केराच्या टोपलीत गेले होते. ताईंच्या अर्जावर कर्नलसाहेब आक्षेप घेणार अशी कुणकुण होतीच, म्हणून ताईंनी एका निवृत्त नर्सबाईंनाही अर्ज भरायला लावला होता. आपला अर्ज उडाला तर मतं त्यांना.

तेव्हा ताईंनी महिनाभर एकच काम केलं. विश्रामगृहात राहून गेलेल्या आणि संस्थेच्या सभासद झालेल्या एकूण एक बायकांना फोन लावले. कुणाचा नवरा राहिला होता, कुणाचा गेला होता, कुणाचा मुलगा चाकाच्या खुर्चीत होता. सगळ्यांना सांगणं एकच, "सही करा, बाकी कोरं ठेवा, मी बघते." एक्केचाळीस फॉर्म आले. उमेदवाराला प्रॉक्सी टाकता येत नाही, म्हणून ताईंनी तो गठ्ठा रबरबँड लावून भाऊजींच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार होत्या? दुसरं कुणी त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी छाननी झाली. ताईंचा अर्ज वैध ठरला, नर्सबाईंनी हसत हसत माघार घेतली. निवडणूक अधिकारी म्हणजे लष्करातले निवृत्त डॉक्टर. दोन्ही कानांना यंत्रं, पण डोळे शाबूत. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर एकाच आकाराच्या चौकटींत आजवरचे अध्यक्ष, आणि पुढे टेबलावर पत्र्याची पेटी. आधी हजर सभासदांनी पांढरी मतपत्रिका टाकली. मग ज्यांच्याकडे प्रॉक्सी होत्या त्यांना बोलावलं. भाऊजी उठले. इतर कुणाकडे एकही फॉर्म नव्हता. भाऊजींनी गठ्ठा पेटीत टाकला आणि जागेवर जाऊन ताठ बसले. ताईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. भाऊजी समोर पाहत होते.

मोजणी सुरू झाली. पांढऱ्या मतपत्रिका पन्नास. डॉक्टर एकेक उघडून वाचत आणि दोन ढीग करत. ताईंना एकोणतीस, मेजरांना एकवीस. ताईंनी आकडा मनात पुन्हा मोजला. समोरच्या माणसांतल्या, पदकवाल्या, हातात काठी धरलेल्या एकोणतीस जणांनी आपलं नाव लिहिलं! आणि एक्केचाळीस तर अजून यायची होती. मागच्या रांगेत नर्सबाईंनी त्यांचा हात दाबला.

डॉक्टरांनी पहिला पिवळा फॉर्म उलगडला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि वाचलं, "मेजर."

ताईंना वाटलं, कानांची यंत्रं बिघडली, डोळेही बिघडले.

"मेजर," डॉक्टर म्हणाले. "मेजर. मेजर."

पिवळा ढीग एकाच बाजूला चढत होता. ताई उठून टेबलाजवळ गेल्या. फॉर्मच्या खाली सह्या ओळखीच्या होत्या. एक सही तर विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात बसून ताईंनीच गिरवायला शिकवलेली होती, शेवटचं अक्षर रेघेखाली घसरणारी. आणि दुसऱ्या रेघेवर उमेदवाराचं नाव. ते अक्षर सुटं सुटं, ठसठशीत, एकावर एक न चढणारं. वायरलेसवाले संदेश उतरवून घेतात तसं. ताईंच्या नवऱ्याची पत्रंही याच वळणाच्या अक्षरात येत. दोघे लष्कराच्या एकाच वायरलेस शाळेत ते शिकले होते. त्या अक्षरात एक्केचाळीस वेळा मेजरांचं नाव लिहिलेलं होतं, कुठेही घाई नाही, कुठेही खाडाखोड नाही.

त्या क्षणी ताईंना राग आला नाही. कुणीतरी केसाने गळा कापला एवढंच कळलं. एकोणीस वर्षांत ज्या माणसापुढे त्यांनी दाराची कडी कधी लावली नव्हती, त्या माणसाने बसून, पेन नीट धरून, हे केलं होतं.

"बासष्ट विरुद्ध एकोणतीस," डॉक्टर म्हणाले. पुलवाले मेजर उभे राहिले आणि आभाराच्या दुसऱ्याच वाक्यात नदीवर पोचले.

"माझा आक्षेप आहे," ताई म्हणाल्या. सभेत बोलायची त्यांची पहिली वेळ. "या बायकांना मेजरांना मत द्यायचं नव्हतं."

डॉक्टरांनी यंत्र कानात नीट बसवलं. त्यांना ताईंबद्दल आदर होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. "तसं कुठे लिहून दिलंय का त्यांनी? फॉर्मवर, पत्रात, कुठेही?"

"नाही. कोरं ठेवायचं असतं ना."

"कोरं ठेवायला कुणी सांगितलं त्यांना?"

कर्नलसाहेब खाली मान घालून आपल्या लाल पेनाचं टोपण लावत होते. "मीच," ताई म्हणाल्या.

"मग मला काही करता येत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले आणि पेटी बंद केली.

भाऊजी बाहेर व्हरांड्यात सापडले. पळून गेले नव्हते. खांबाशी उभे होते, परेडला उभे राहावं तसे, आणि यामुळे ताईंना जास्त चीड आली.

"का हो?" त्या म्हणाल्या. "का?"

"साहेबांनी बोलावलं होतं मला. परवा." भाऊजींचा आवाज नेहमीसारखाच होता. "दालनात आपल्या तुकडीचं वेगळं कपाट होणार आहे, वहिनी. दारातून आत आलं की पहिलं. आणि त्यात पहिलं नाव त्याचं. फोटो, त्याचा वायरलेस सेट, सगळं. कायमचं. मेजर आले नाहीत तर दालन नाही, आणि दालन नाही तर त्याचं नाव कुठे आहे सांगा? कुठे आहे?"

"तुम्हीच मला उभं केलंत ना?"

"तेव्हा साहेब काही बोलले नव्हते."

"नुसते टाकले नसतेत फॉर्म. घरी विसरला असतात. एकोणतीस-एकवीसने आले असते मी. तुम्ही माझ्याच बायकांच्या हातांनी मला पाडलंत!"

भाऊजी पुन्हा समोर पाहू लागले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. "वहिनी, रागवा तुम्ही, हक्क आहे तुमचा. पण तुम्ही तिथे नव्हता. तो माझ्यासमोर गेला. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मी तिथे नव्हते," ताई म्हणाल्या. "मी इथे होते. एकोणीस वर्षं इथेच आहे. तुम्ही बघत होतात." त्यांना रडू आलं आणि या माणसापुढे रडायचं नव्हतं, म्हणून त्या पाठ फिरवून म्हणाल्या, "माझ्या घरी आता यायचं नाही." मागून "वहिनी" अशी हाक आली. त्या थांबल्या नाहीत.

विश्रामगृहापर्यंत चार मिनिटांची वाट. भिंतीच्या कडेने जाताना त्यांच्या मनात भाऊजींना सुनवायची पन्नास वाक्यं तयार होत होती, एकाहून एक झोंबणारी. फसवलं, माझा विश्वास होता, मी डोळे झाकून तुमच्या हातात दिलं. फाटकाशी आल्या तेव्हा इस्पितळातली भेटीची वेळ नुकतीच संपली होती आणि चार नंबरच्या खोलीतली, सगळ्या बायका जिला सून म्हणत ती पोर बाहेर येत होती. तिचा नवरा तीन महिने मणक्याच्या वॉर्डात होता, अजून किती महिने ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तीही सभासद होती, पण भेटीची वेळ आणि सभेची वेळ एकच, म्हणून तिनेही पिवळा फॉर्म दिला होता.

"ताई! काय झालं? आलो ना आपण निवडून?"

"नाही गं."

"किती मतांनी गेलं?"

ताईंनी सगळं सांगितलं. भाऊजींचं, कपाटाचं, अक्षराचं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. समोरची पोर आपल्या बाजूने पेटून उठेल, भाऊजींना चार शिव्या देईल, याची त्या वाटच पाहत होत्या. पण ती फक्त ऐकत राहिली.

"म्हणजे माझी खोली पाडायला माझंच मत," ती म्हणाली.

"त्या माणसाने दगा दिला गं. मला काय माहीत..."

"ते कोण मला ठाऊक नाहीत, ताई. मी त्यांना कधी पाहिलंही नाही." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी सही तुम्हाला दिली होती. दुसऱ्याच्या हातात देताय, एवढं मला सांगायचं तरी होतंत."

भाऊजींसाठी तयार केलेल्या पन्नास वाक्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. ती सगळी हिची होती.

सून चार नंबरच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.